परतलेल्या मुंबईकराची मुंबई

जें शहर आपल्याला प्रिय होतें तें सोडून मनुष्य दूर गेला, म्हणजे त्या शहराचें एक चित्र तो आपल्याबरोबर घेऊन जातो. हें चित्र निघण्याच्या दिवशींचें असतें. पुढें दहा, वीस, तीस वर्षें तो नागपुरास असो, नैरोबीस असो कीं लंडनला असो, त्याच्या मनांतलें घड्याळ त्या दिवशींच थांबलेलें असतें. शहराचें घड्याळ मात्र थांबत नाहीं. म्हणून तो परत येतो तेव्हां एक स्मरणांतलें आणि एक डोळ्यांपुढचें अशा दोन शहरांची एकदम गांठ पडते. त्या दोहोंचा मेळ बसला नाहीं, कीं "शहर बिघडलें" असा निकाल देऊन मनुष्य मोकळा होतो. हा निकाल कितपत न्यायाचा असतो हें तपासून पाहण्यास मुंबईइतकें चांगलें उदाहरण मिळणें कठीण आहे; कारण जिच्याकडे माणसें वारंवार परत येतात आणि जी परत येणाऱ्यासाठीं क्षणभरही थांबत नाहीं, अशी ही नगरी आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. परतलेले सर्व मुंबईकर एकाच मुंबईसाठीं हळहळत नसतात. ३१ मार्च १९६४ रोजीं मुंबईंतली शेवटची ट्राम धांवली. त्यापूर्वीं शहर सोडून गेलेल्यास ट्रामच्या घंटेवांचून दादरचा रस्ता मुका वाटला. १९८० च्या सुमारास गेलेल्याच्या कानांत अद्याप गिरणीचा भोंगा वाजतो. २००० सालीं गेलेला मनुष्य तांबड्या दुमजली बसची चौकशी करतो. ती जुनी डिझेलची बस सप्टेंबर २०२३ मध्यें शेवटची धांवली आणि पुढच्याच महिन्याच्या अखेरीस काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीनेंही रस्त्याचा निरोप घेतला. पुस्तकांच्या नादीं लागलेला मनुष्य किल्ल्यांत स्ट्रँड बुक स्टॉल शोधूं लागतो. १९४८ मध्यें निघालेलें तें दुकान २०१८ मध्यें बंद झालें. प्रत्येकाची "खरी" मुंबई निराळी, आणि ती त्याच्या तारुण्याबरोबर संपलेली! ज्या ट्रामसाठीं एका पिढीनें उसासे टाकले तिची तरी कथा काय? १८७४ मध्यें ती घोड्यांनीं ओढली जात होती. १९०७ मध्यें विजेची ट्राम आली आणि घोडे गेले. म्हणजे एकाचें जुनें तें दुसऱ्याचें नवें होतें.

यावरून सर्वच हळहळ पोकळ आहे असें मात्र नव्हे. कोणती गोष्ट केवळ संवयीची होती आणि कोणती खरोखरच मोलाची होती, याचा विवेक करावा लागतो. त्यासाठीं हें शहर कां बदलतें, हें आधीं समजून घ्यावें लागेल.

कारणांचें मूळ जमिनींत आहे. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगांव, वरळी, परळ आणि माहीम हीं सात बेटें बांध घालून व खाड्या बुजवून एक केलेलीं आहेत. अठराव्या शतकांत वरळी व मुंबई यांच्यामधील खिंड बांधानें अडविण्यांत आली आणि मधल्या दलदलीची जमीन झाली. पुढें अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें १८६१ ते १८६५ या काळांत येथील कापसाला सोन्याचा भाव आला आणि समुद्र हटवून जमीन मिळविण्याच्या योजनांचें पेंवच फुटलें. १८६३ मध्यें गोविंद नारायण माडगांवकर यांनीं 'मुंबईचें वर्णन' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच दशकांत शहराभोंवतींचा किल्ल्याचा तट पाडण्यांत आला. ज्या वस्तूमुळें त्या भागाला 'कोट' हें नांव पडलें ती वस्तु गेली आणि नांव तेवढें राहिलें. पुण्यासारखें शहर वाढलें तें चोहोंकडे पसरत गेलें; पेठा आपल्या जागीं राहिल्या. मुंबईला तिन्ही बाजूंनीं पाणी. तिला वाढावयाचें म्हणजे समुद्र मागें सारावयाचा, जुनें पाडावयाचें, उंच चढावयाचें किंवा उत्तरेकडे धांवावयाचें. या चारही गोष्टी तिनें केल्या आणि अजून करीत आहे. मरीन ड्राइव्हवरून फिरत असतां नव्या सागरी किनारा मार्गाकडे बोट दाखवून "समुद्र चोरला" म्हणणाऱ्यानें, आपण ज्या जमिनीवर उभे आहों तीही समुद्रापासून घेतलेली आहे, हें विसरूं नये. मात्र त्याच मार्गाच्या बांधणींत, आपल्या होड्यांना वाट राहावी म्हणून पुलाच्या खांबांमधील अंतर वाढवून घेण्यासाठीं वरळीच्या कोळ्यांना झगडावें लागलें, ही गोष्टही त्यानें लक्षांत ठेवावी. एकाला दिसतो तो देखावा, आणि दुसऱ्याचें जातें तें पोट.

बेटें बुजलीं तरी तीं नाहींशीं झालीं नाहींत. उमरखाडींत आज खाडी नाहीं. खाडीची उथळ वाट ओलांडल्यावर जेथें पाय धुवावयाचे ती पायधुनी, असें सांगतात. तेथें आतां पाय टेंकण्यास जागा मिळाली तरी पुष्कळ झालें. परंतु आषाढांत मोठ्या भरतीच्या वेळींच मुसळधार पाऊस कोसळला, म्हणजे जुना नकाशा आपोआप वर येतो. शहराचीं पर्जन्यजलाचीं गटारें समुद्राला मिळतात. भरतीच्या वेळीं समुद्राची पातळी त्यांच्या तोंडाहून वर येते आणि पाण्याला बाहेर जातां येत नाहीं. तें मग सखल जागीं सांचतें, आणि या जागा पुष्कळदां जुन्या खाड्यांच्या व दलदलींच्याच असतात. परळचें हिंदमाता हें ठिकाण याकरितां सर्व मुंबईस ठाऊक आहे. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझला एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठी नदीची आठवण नसलेल्यांनाही ती नदी आहे हें कळून आलें. परतलेल्या मनुष्याला पावसाळ्यांत जी मुंबई भेटते ती इतर ऋतूंपेक्षां अधिक ओळखीची वाटते, याचें कारण हेंच असावें. माणसांनीं केलेला नकाशा बदलला. पाण्याच्या स्मरणांतला बदलला नाहीं.

नांवांची गोष्टही अशीच विलक्षण आहे. सरकारदप्तरीं १९९५ मध्यें या शहराचें इंग्रजी नांव बदलून मुंबई झालें. मराठी माणसाला त्यांत नवें कांहींच नव्हतें, तो आधींपासून मुंबईच म्हणत आला होता. व्हिक्टोरिया टर्मिनसला १९९६ मध्यें छत्रपति शिवाजी टर्मिनस हें नांव मिळालें आणि २०१७ मध्यें त्यांत 'महाराज' हें पद घालण्यांत आलें. एल्फिन्स्टन रोड हें स्टेशन २०१८ मध्यें प्रभादेवी झालें. हॉर्नबी रोड दादाभाई नौरोजींच्या नांवाचा झाला, प्रिन्सेस स्ट्रीट शामळदास गांधींच्या आणि लॅमिंग्टन रोड डॉ. भडकमकरांच्या. फ्लोरा फाउंटनचा चौक संयुक्त महाराष्ट्रासाठीं प्राण देणाऱ्यांच्या स्मरणार्थ हुतात्मा चौक झाला. परतलेला मनुष्य कोणतें नांव उच्चारतो, यावरून तो कोणत्या वर्षीं गेला हें टॅक्सीवाल्याला तत्काळ समजतें. पण तो त्यास हंसत नाहीं. कारण तो स्वतःही नवीं-जुनीं दोन्ही नांवें वापरीत असतो. या शहरांत नवें नांव पाटीवर लागतें आणि जुनें नांव तोंडांत राहतें. दोघांचा संसार बिनतक्रार चालतो.

जमीन आणि नांवें यांहून खोल बदल झाला तो धंद्यांत. १८५६ मध्यें ताडदेवला कावसजी दावर यांची पहिली कापडगिरणी चालू झाली, आणि पुढें शंभर-सवाशें वर्षें लालबाग, परळ, वरळी, भायखळा हा सारा मुलूख गिरणगांव म्हणून नांदला. कोंकणांतून व घाटावरून आलेला मनुष्य कुटुंब गांवीं ठेवून एकेका खोलींत दहा-बारा जणांसह राही, पाळीप्रमाणें झोंपे आणि खानावळींत जेवी. १८ जानेवारी १९८२ रोजीं डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं सुमारें अडीच लक्ष कामगारांचा संप सुरू झाला. तो रीतसर कधीं मिटलाच नाहीं असें म्हणतात. गिरण्या एकामागून एक थंडावल्या. त्यांची सुमारें सहाशें एकर जमीन शहराच्या ऐन मध्यभागीं होती. १९९१ च्या विकास नियमांत अशा जमिनीचा एक तृतीयांश भाग मोकळ्या जागेसाठीं, एक तृतीयांश सार्वजनिक घरांसाठीं आणि एक तृतीयांश मालकासाठीं, अशी वांटणी ठरली होती. २००१ मध्यें नियम बदलला आणि ही वांटणी केवळ गिरणींतील बांधकाम नसलेल्या, आधींच रिकाम्या असलेल्या जागेस लागू झाली. २००६ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें हा बदल ग्राह्य धरला. परिणाम असा झाला कीं मैदानांसाठीं आणि घरांसाठीं जेवढी जागा मिळावयाची ती फार थोडी उरली. आज परळला उतरलेल्या मनुष्याला धुराड्यांच्या ठिकाणीं कांचेचे मनोरे आणि बाजारमहाल दिसतात. तो म्हणतो, "माझें परळ गेलें." त्याची हळहळ येथें संवयीची नाहीं. येथें खरोखरच कांहीं गेलें आहे, आणि तें काळाच्या ओघांत आपोआप गेलेलें नाहीं. एका नियमांतील चार शब्द बदलल्यानें गेलें आहे.

घरांचा इतिहासही समजून घेण्याजोगा आहे. १८९६ मध्यें प्लेगची सांथ आली. त्यानंतर दोन वर्षांनीं नगरसुधारणेसाठीं सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्यानें दाट वस्तींतून रुंद रस्ते काढले आणि दादर-माटुंग्याकडे हिंदु कॉलनी, पारशी कॉलनी अशा मोकळ्या वसाहती आंखल्या. तरी बहुसंख्य मराठी कुटुंबें चाळींतच राहिलीं. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानें भाडीं १९४० च्या पातळीवर गोठविण्यांत आलीं. भाडेकरूला आधार मिळाला; पण भाडें वाढेना, म्हणून मालक डागडुजी करीना, आणि इमारती खचूं लागल्या. १९६९ च्या कायद्यानें जुन्या इमारतींवर उपकर बसवून त्यांच्या दुरुस्तीसाठीं मंडळ नेमण्यांत आलें. त्यानेंही भागेना, तेव्हां पुनर्विकासाची तोड निघाली. भूखंडावर एकंदर किती बांधावें याला चटईक्षेत्राची मर्यादा असते. ती १९९१ च्या नियमांत शहरांत १.३३ व उपनगरांत १ अशी होती. जुन्या भाडेकरूंना त्याच जागीं फुकट घर देणाऱ्यास ही मर्यादा ओलांडून अधिक मजले चढविण्याची मुभा मिळते, आणि ते अधिक मजले विकून तो आपला खर्च व नफा काढतो. गिरगांवांत तीन मजली चाळीशेजारीं तीस-चाळीस मजल्यांचा मनोरा कां उभा राहतो, याचें उत्तर या हिशेबांत आहे.

तेव्हां परतलेल्या मनुष्यानें चाळीच्या जागीं मनोरा पाहून शेजारी देशोधडीला लागले असें एकदम समजूं नये. त्यांतले कांहीं विसाव्या मजल्यावर सांपडतील. त्यांना स्वतःचें नहाणीघर मिळालेलें आहे. सकाळीं सामाईक नळापुढें रांग लावावी लागत नाहीं. पण गॅलरी गेली, दारें बंद झालीं, आणि दरमहा देखभालीचा खर्च जुन्या भाड्याच्या कित्येक पटींनीं वाढला. पुष्कळांनीं मात्र खोली सोडून डोंबिवली, बोरिवली, विरार, बदलापूर जवळ केलें. शिरगणतीचे आंकडे हेंच सांगतात. मुंबई शहर जिल्ह्याची, म्हणजे कुलाब्यापासून शीव-माहीमपर्यंतच्या मूळ बेटाची, लोकसंख्या २००१ मध्यें ३३,३८,०३१ होती. २०११ मध्यें ती ३०,८५,४११ झाली. दहा वर्षांत अडीच लक्षांची घट! उपनगर जिल्ह्यांत मात्र त्याच वर्षीं ९३ लक्षांहून अधिक माणसें होतीं. म्हणून जुना पत्ता घेऊन मित्राच्या दारीं गेलेल्यास कुलूप दिसलें, तर त्यानें मित्र मुंबईंतून गेला असें मानूं नये. मुंबईच मित्राबरोबर उत्तरेकडे गेली आहे.

तिला तेथें नेऊन सोडणारी जी वस्तु, तिच्यांत बदल आणि सातत्य यांचा संगम दिसतो. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली प्रवासी गाडी ३४ किलोमीटर धांवली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं बोरीबंदर ते कुर्ला विजेची गाडी सुरू झाली. ती १,५०० व्होल्ट दाबाच्या एकदिश प्रवाहावर चाले. २०१६ पर्यंत सर्व उपनगरी मार्गांवर २५,००० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह आला. दाब वाढला, कीं तितक्याच शक्तीसाठीं तारेंतून प्रवाह कमी न्यावा लागतो आणि उष्णतेच्या रूपानें वायां जाणारी वीज वांचते. बारा आणि पंधरा डब्यांच्या गाड्या ओढावयाच्या तर हें आवश्यकच होतें. जून २०१४ मध्यें वर्सोव्याहून घाटकोपरला मेट्रो धांवूं लागली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्यें आरेपासून कफ परेडपर्यंतची भुयारी मेट्रो पूर्ण होऊन काळबादेवी व गिरगांव यांच्या पोटांतून गाडी जाऊं लागली. २००९ मध्यें वांद्रें-वरळी सागरी सेतु झाला. २०२४ च्या जानेवारींत शिवडीहून समुद्र ओलांडून न्हावा-शेव्याकडे जाणारा २१.८ किलोमीटरांचा अटल सेतु खुला झाला. इतकें होऊनही लोकलच्या डब्यांतला व्यवहार होता तसाच आहे. तिघांच्या बांकावर चौथ्याला टेंकण्यापुरती जागा द्यावयाची, उतरावयाचें असेल तर दोन स्टेशनें आधींच दाराकडे सरकत "दादरला उतरणार का?" असें पुढच्यास विचारावयाचें. हा शिष्टाचार कोणत्याही नियमांत लिहिलेला नाहीं आणि तो कोणी शिकवीतही नाहीं. वीस वर्षांनीं परतलेल्याच्या तोंडून तो प्रश्न आपोआप बाहेर पडला, आणि पुढच्यानें मागें न पाहतां मान हलविली, म्हणजे त्याचें पुनरागमन झालें असें समजावें.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. परतलेल्यास तक्रार करण्याचा अधिकार आहे काय? तो गेला तेव्हां चांगली नोकरी, मोठें घर, मोकळी हवा यांसाठीं गेला, आणि त्यांत गैर कांहींच नाहीं. पण मागें राहिलेल्यांना पूर, संप, गर्दी आणि गळकीं छपरें सोसून येथेंच दिवस काढावे लागले. त्याच्या आठवणींतली गॅलरी जशीच्या तशी राहावी, यासाठीं दुसऱ्यानें सामाईक संडासापुढें आयुष्य कंठावें, अशी अपेक्षा त्याला करतां येणार नाहीं. उलट, दूर राहून आल्यामुळें त्याच्याजवळ एक अशी वस्तु असते, जी येथेंच राहिलेल्यांजवळ सहसा नसते. रोज थोडें थोडें बदलणारें रूप रोज पाहणाराच्या ध्यानांत येत नाहीं. आधींचें आणि नंतरचें अशीं दोन्ही रूपें शेजारीं ठेवून पाहणें परतलेल्यासच शक्य असतें. येथें मैदान होतें, येथून समुद्र दिसत असे, या वाटेनें मुलें एकटीं शाळेंत जात, अशी साक्ष तो देऊं शकतो. ती साक्ष उसाशांत वायां न घालवितां, पुढच्या वेळीं असा एखादा नियम बदलूं लागेल तेव्हां हरकत घेणाऱ्यांच्या हातीं त्यानें दिली, तर तिचा उपयोग होईल.

शिवाय, मुंबईस परत येणें ही तिच्या इतिहासांतील कांहीं अपूर्व घटना नव्हे. गिरणगांव वसला तेव्हांपासून येथला चाकरमानी शिमग्याला आणि गणपतीला कोंकणांत जात आला आणि पुन्हां कामावर रुजूं होत आला. पूर्वीं तो भाऊच्या धक्क्यावर बोटींतून उतरे. १९९८ मध्यें कोंकण रेल्वे पूर्ण झाली आणि आतां तो गाडीनें येतो. या शहरांतली निम्मी-अधिक माणसें कोठून तरी आलेलीं असतात आणि कोठें तरी परत जावयाचें बोलत असतात. अशा ठिकाणीं "मी जुना मुंबईकर" या वाक्याला फारसें कोणी वचकत नाहीं, आणि नव्यानें आलेल्यालाही कोणी हटकीत नाहीं. गिरगांवांतील केशवजी नाईकांच्या चाळींत १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव चालत आलेला आहे. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ मध्यें स्थापन झालें आणि आजही तेथें वर्गणीदार पुस्तकें बदलतात. दोन्हीं ठिकाणचीं माणसें कितीदां तरी बदललीं असतील. काम चालू आहे.

म्हणून बऱ्याच वर्षांनीं मुंबईस येणाऱ्यानें पहिले दोन दिवस जुने पत्ते शोधण्यांत घालवावे, कारण तें केल्यावांचून मन शांत व्हावयाचें नाहीं. तिसऱ्या दिवशीं मात्र त्यानें लोकलनें जुन्या शेजाऱ्याच्या नव्या घरीं जावें, त्याला या मधल्या वर्षांची हकीकत विचारावी आणि आपली सांगण्याची घाई करूं नये. ती हकीकत ऐकल्याशिवाय शहर चांगलें झालें कीं वाईट, याचा निकाल देण्याजोगा पुरावा त्याच्याजवळ नसतो.